लिपो बॅटरीचा चार्जर निवडताना

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मॉडेल विमानाच्या बॅटऱ्यांसाठी नवा चार्जर घ्यायचे ठरवले आणि मार्चच्या मध्यावर तो माझ्या टेबलावर प्रत्यक्ष कामाला लागला. वस्तू तशी हाताच्या पंजाएवढी. तरीही मधल्या काळात एक खरेदी, तिचा परतावा, ग्राहक तक्रार, जुन्या संगणकाच्या भागांची शोधाशोध आणि बरीच आकडेमोड झाली. सांगली-मिरज परिसरात हा छंद असणारे मोजकेच आहेत आणि वस्तू हातात घेऊन पाहता येईल असे दुकान मला तरी इथे सापडले नाही. ज्यांना हीच खरेदी करायची आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा क्रम खर्चासकट लिहीत आहे.

मी विश्रामबागेत राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझे विमान फोमचे, वरच्या बाजूस पंख असलेले, साधारण ११०० मिलिमीटर पंखविस्ताराचे आहे. त्याला २२१२ आकाराची मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) आणि थ्री-एस २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी लागते. थ्री-एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल. प्रत्येक सेलचा छापील दाब ३.७ व्होल्ट, म्हणून बॅटरीवर ११.१ लिहिलेले असते. पूर्ण भरल्यावर सेल ४.२० व्होल्टला जातो, म्हणजे बॅटरी १२.६ व्होल्टला. हे आकडे पाठ असणे आवश्यक आहे, कारण चार्जरची निवड शेवटी या आकड्यांवरच येऊन ठेपते.

तोवर माझ्याकडे किटबरोबर आलेला छोटा बी३ चार्जर होता. भिंतीवरच्या प्लगला वायर लावायची, बॅटरीची पांढरी बॅलन्स पिन (प्रत्येक सेलची तार वेगळी आणणारा छोटा कनेक्टर) त्यात खोचायची आणि तीन लाल दिवे हिरवे होण्याची वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. या चार्जरला लोक नावे ठेवतात, पण मला ते पटत नाही. त्याच्या आत प्रत्येक सेलसाठी वेगळे सर्किट असते, त्यामुळे सेल आपोआप सारखे भरले जातात, आणि त्यात काहीही निवडायचे नसल्यामुळे चुकीची सेटिंग होण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याच्याकडे एकच बॅटरी आहे त्याने पहिले सहा महिने यावर खुशाल काढावेत. अडचण वेगाची आहे. तो एका अँपिअरच्याही आतच चार्ज करतो, म्हणून २२०० एमएएचच्या रिकाम्या बॅटरीला जवळजवळ तीन तास लागतात. माझ्याकडे तीन बॅटऱ्या झाल्यावर रविवारी सकाळी उडवायचे तर शनिवार दुपारपासून रात्रीपर्यंत चार्जिंग चालू राही, आणि लिपो चार्ज होत असताना घर सोडून जायचे नाही हा नियम पाळायचा तर शनिवारी कुठे बाहेर पडण्याची सोय उरत नसे. शिवाय तो आकडा एकही दाखवत नाही. सेल किती व्होल्टवर आहे, बॅटरीत किती विद्युत भार गेला, एखादा सेल मागे पडतो आहे का, यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. बॅटरी साठवणीच्या पातळीवर आणून ठेवण्याची सोयही त्यात नाही.

चार्जरची यादी पाहण्याआधी मी बॅटऱ्यांची यादी केली, आणि हे काम आधी केल्याने पुढचे बरेच सोपे झाले. वहीत प्रत्येक बॅटरीचे सेल, क्षमता आणि कनेक्टर लिहिला. माझ्या तीन बॅटऱ्या थ्री-एस २२०० एमएएच, एक्सटी-६० कनेक्टरच्या. रिमोटमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल. आणि सांगलीतच अभियांत्रिकीला शिकणारा माझा भाचा अधूनमधून बॅटऱ्या चार्ज करायला माझ्याकडे आणतो. त्याच्या गटाने स्पर्धेच्या विमानासाठी सिक्स-एस ५००० एमएएचची बॅटरी मागवली होती. ती माझी नसली तरी यादीत घातली, कारण ती येणार हे ठरलेलेच होते.

आता हिशेब. बॅटरीची क्षमता जितके अँपिअर-तास, तितक्या अँपिअरने चार्ज करणे म्हणजे ‘वन-सी’, आणि लिपोसाठी हाच सुरक्षित दर मानला जातो. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर. बॅटरी भरत आली की दाब १२.६ व्होल्ट होतो, तेव्हा लागणारी शक्ती १२.६ गुणिले २.२, म्हणजे सुमारे २८ वॅट. भाच्याच्या सिक्स-एस बॅटरीचा पूर्ण दाब २५.२ व्होल्ट आणि वन-सी दर ५ अँपिअर, म्हणजे १२६ वॅट. दोन्ही बॅटऱ्या एकाच पिशवीत मावतात, पण एकीला दुसरीच्या साडेचार पट शक्ती लागते.

जाहिरातींत मात्र वॅट शोधावे लागतात आणि अँपिअर ठळक अक्षरांत छापलेले असतात. आम्ही बुधगावच्या बाजूला एका परिचितांच्या पडीक रानात विमाने उडवतो. तिथे येणारे आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत आणि आम्हा सगळ्यांत जुने. मी त्यांना मोबाइलवर एक जाहिरात दाखवून विचारले, “आप्पा, हा सहा अँपिअरचा आहे, भाच्याच्या बॅटरीलाही पुरेल ना?” त्यांनी चष्मा वर करून खालचा बारीक मजकूर वाचला आणि म्हणाले, “सर, अँपिअरला भुलू नका. वॅट किती हायत ते बघा आधी. पन्नास वॅटला सहानं भागा, साडेआठ व्होल्टसुद्धा येत न्हाईत. म्हणजे सहा अँपिअर मिळणार ते टू-एसला. पुढच्या बॅटरीला ह्यो आपोआप दम खाणार.”

त्यांचे गणित बरोबर होते. ५० वॅटचा चार्जर भरत आलेल्या थ्री-एसला जास्तीत जास्त चार अँपिअर देऊ शकतो आणि सिक्स-एसला दोनच. तो बंद पडत नाही किंवा बिघडत नाही, फक्त प्रवाह कमी करतो आणि वेळ वाढतो; पाच हजारच्या बॅटरीला दोन अँपिअर म्हणजे अडीच तासांवर. ज्यांच्याकडे फक्त थ्री-एस २२०० आहेत आणि पुढेही तेच राहणार आहे, त्यांना ५० किंवा ६० वॅटचा साधा चार्जर पूर्ण पुरतो आणि त्यांनी दीडशे वॅटसाठी पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही, असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न वीज कुठून घ्यायची याचा. काही चार्जर थेट २३० व्होल्टवर चालतात, काही फक्त १२ व्होल्टच्या आसपासच्या डीसीवर, आणि काहींत दोन्ही सोयी असतात. घरच्या प्लगवर चालणारा घेतला की वेगळा वीजपुरवठा लागत नाही, ही मोठी सोय. पण त्याच्या पेटीतच तो पुरवठा बसवलेला असल्यामुळे वॅट मर्यादित राहतात आणि तो भाग गेला तर सगळा चार्जर गेल्यासारखा होतो. डीसी चार्जर आकाराने लहान आणि तेवढ्याच पैशांत जास्त शक्तीचा मिळतो, पण त्याला १२ व्होल्ट देणारे काहीतरी लागते.

रानात चार्ज करायचे का, हे यावरून ठरवले. माझी स्कूटर आहे. तिची बॅटरी १२ व्होल्ट ५ अँपिअर-तास, म्हणजे सगळी मिळून ६० वॅट-तास. थ्री-एस २२०० भरायला २४ वॅट-तास लागतात आणि चार्जरमधली नासाडी धरली तर स्कूटरमधून तीसच्या घरात जातात. एकच बॅटरी भरली की स्कूटरची निम्मी बॅटरी संपली, आणि पुढे बटण दाबल्यावर ती चालू होईल की नाही याचा भरवसा नाही. आप्पांच्या मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ४२० वॅट-तासांची. तिच्यावर दोन-तीन बॅटऱ्या भरल्या तरी चालते, आणि ते मध्येच इंजिन चालू करून ठेवतात. स्कूटरवाल्यांनी रानात चार्ज करण्याचा नाद सोडून त्या पैशांत आणखी एक बॅटरी घ्यावी हे बरे.

जानेवारीच्या मध्यावर मी पहिली खरेदी केली. भाच्याची बॅटरी तेव्हा अजून यायची होती आणि ती आली तरी महिन्यातून एखाद्या वेळीच भरायची, म्हणून ५० वॅटचा, घरच्या प्लगवर चालणारा निळा चार्जर मागवला. हा आराखडा मूळचा स्कायआरसी कंपनीच्या आयमॅक्स बी६ या चार्जरमुळे जगभर पोहोचला आणि त्याच्या नकलाही तितक्याच पसरल्या. मूळ मालावर कंपनीचे होलोग्राम असलेले पडताळणीचे स्टिकर असते. त्यावरील कोड कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करता येते. एका मोठ्या ऑनलाइन बाजारातील विक्रेत्याने ‘ओरिजिनल’ असे लिहून तो २,४०० रुपयांना ठेवला होता. पार्सल साधारण आठवड्याभरात आले.

पेटी उघडतानाचे चित्रीकरण मी मोबाइलवर केले होते आणि ते पुढे फार उपयोगी पडले. हे प्रत्येकाने करावे. पेटीवर आयातदाराचे नाव-पत्ता नव्हता, कमाल किरकोळ किंमत नव्हती, महिना-वर्षही छापलेले नव्हते. आयात केलेल्या पाकीटबंद वस्तूवर हा मजकूर असणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. होलोग्रामच्या जागी नुसता चंदेरी कागद होता आणि त्यावर कोड नव्हता. बिल म्हणून जो कागद आला त्यावर जीएसटी क्रमांकाची जागा कोरी होती.

कागदपत्रे कशीही असोत, यंत्र बरोबर मोजते का हे पाहायचे ठरवले. लिपोच्या चार्जरकडून पहिली अपेक्षा हीच की त्याने ४.२० म्हटले की सेल खरोखर ४.२० वर असावा. दाब त्याहून वर गेला की सेलचे आयुष्य घटते, आणि फार वर गेला तर बॅटरी फुगून पेट घेण्याचा धोका असतो. बॅलन्स कनेक्टरच्या पिना एकमेकींपासून अडीच मिलिमीटरवर असतात. त्यांत मल्टिमीटरची टोके खुपसताना ती एकमेकांना टेकली तर ठिणगी उडते. यावर सोपी युक्ती अशी, की बॅलन्स लीडची एक जादा एक्स्टेन्शन वायर आणावी, तिच्या चारही तारा सुट्या करून प्रत्येकीच्या टोकावर प्लास्टिकची नळी चढवावी आणि मोजताना एका वेळी दोनच तारा उघड्या कराव्यात. काळ्या तारेपासून सुरुवात करून शेजारच्या दोन-दोन तारांमध्ये मोजले की एकेक सेलचा दाब मिळतो.

चार्जिंग शेवटच्या टप्प्यात असताना चार्जरच्या पडद्यावर तिन्ही सेल ४.२० दिसत होते. माझ्या मल्टिमीटरवर पहिला ४.२७, दुसरा ४.२१ आणि तिसरा ४.१९ आला. मी लगेच चार्जिंग थांबवले. घरचा मीटर सहाशे रुपयांचा असल्यामुळे त्याच्यावरही एकदम विश्वास ठेवता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी बॅटरी महाविद्यालयात नेली आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मीटरशी ताडून पाहिली. दोन मीटरांत ०.०१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नव्हता. चूक चार्जरचीच होती.

परतावा मागितल्यावर विक्रेत्याचे पहिले उत्तर आले, ‘वस्तू चालू स्थितीत आहे, त्यामुळे परतावा लागू नाही.’ ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रत्येक ऑनलाइन बाजाराने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. तो पत्ता संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडला. मी ईमेलमध्ये मोजक्या ओळींत घटनाक्रम लिहिला आणि पेटीची छायाचित्रे, उघडतानाचे चित्रीकरण, चार्जरचा पडदा व मल्टिमीटर एकाच चौकटीत दिसतील असे छायाचित्र आणि बिल जोडले. पोच वेळेत आली, पुढे मात्र आठ-दहा दिवस काहीच हालचाल नव्हती. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीतून बोलता येते. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार नोंदवून क्रमांक देतात आणि ती संबंधित कंपनीकडे पाठवतात. तो क्रमांक लिहून मी निवारण अधिकाऱ्याला पुन्हा ईमेल केला आणि एवढेच जोडले, की २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आवाज न चढवता लिहिलेल्या या दोन वाक्यांनंतर चक्रे हलली. कुरिअरवाला पेटी घेऊन गेला आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे खात्यात जमा झाले. पाठवणीचे सुरुवातीला घेतलेले ८० रुपये परत आले नाहीत. त्यांच्या मागे लागलो नाही.

हा वेळ अगदीच वाया गेला असे म्हणवत नाही, कारण दरम्यान भाच्याची सिक्स-एस बॅटरी येऊन दाखल झाली. तिलाही यायला पंधरवडा लागला होता. लिथियम बॅटऱ्या धोकादायक माल समजल्या जातात आणि हवाई वाहतुकीत त्यांच्यावर कडक बंधने आहेत, म्हणून बहुतेक दुकानदार त्या रस्तामार्गेच पाठवतात. चार्जरमध्ये बॅटरी नसल्यामुळे तो लवकर येतो. स्पर्धेसाठी मागवणाऱ्यांनी बॅटरी आधी आणि चार्जर नंतर मागवला तरी चालेल.

दुसऱ्या वेळी मी यादी तोकडी ठेवली. स्कायआरसी, आयएसडीटी, टूलकिटआरसी, होटा अशा कंपन्यांचे चार्जर भारतातील छंदसाहित्याची दुकाने रीतसर बिल देऊन विकतात. त्यांतून १५० वॅटचा, ७ ते २८ व्होल्ट डीसीवर चालणारा, एक ते सहा सेल भरणारा एक चार्जर निवडला. मॉडेलची नावे वर्षा-दीड वर्षात बदलतात, म्हणून क्रमांक देण्यात अर्थ नाही. पैसे भरण्याआधी दुकानाला फोन करून तीन प्रश्न विचारले: जीएसटीचे पक्के बिल मिळेल का, वॉरंटी दुकान देणार की कंपनी, आणि बिघडल्यास पाठवण्याचा खर्च कोणाचा. तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली. १८ टक्के जीएसटी धरून ४,७५० रुपये पडले आणि मार्च उजाडताच पार्सल आले. हजार-दीड हजारांनी स्वस्त मिळणाऱ्या नकला त्याच पानावर खाली दिसत होत्या, पण ज्या वस्तूच्या मोजमापावर घराची सुरक्षितता अवलंबून आहे तिथे मी काटकसर करत नाही.

वीजपुरवठ्यासाठी तयार १२ व्होल्टचा संच दीड-दोन हजारांना मिळतो. आप्पांनी जुन्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, सुचवला. संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात अडगळीत असे पाच-सहा पडले होते. दुकानदारांनी ४५० रुपयांत एक निवडू दिला. इथे एक बारकावा आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ४५० वॅट ही सगळ्या तारांची मिळून बेरीज असते. आपल्याला हवा तो १२ व्होल्टच्या रकान्यातला आकडा. माझ्या एसएमपीएसवर तिथे १६ अँपिअर लिहिले आहे. सिक्स-एस बॅटरीला १२६ वॅट, चार्जरची नासाडी धरून दीडशेच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला साडेबारा अँपिअर. जुन्या वस्तूला एवढा भार पुरे, म्हणून यापुढे जायचे नाही असे ठरवले.

पिवळ्या तारा १२ व्होल्टच्या, काळ्या ऋण बाजूच्या, लाल पाच व्होल्टच्या. एकच हिरवी तार असते, ती कोणत्याही काळ्या तारेला जोडली की संच चालू होतो. चार पिवळ्या तारा एकत्र पिळून आणि चार काळ्या एकत्र पिळून त्यांना एक्सटी-६० कनेक्टर डाग देऊन बसवला. एकाच तारेवर बारा अँपिअर टाकले तर ती तापते. जोडल्यावर एक गोष्ट लक्षात आली: चार्जरने जोर धरला की दाब १२ वरून ११.३ पर्यंत खाली येई. असे जुने संच मुख्यतः पाच व्होल्टच्या बाजूवर लक्ष ठेवून चालतात आणि तिथे काहीच भार नसला की १२ ची बाजू ढिली पडते. लाल आणि काळ्या तारेत दहा ओहम, दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला, तेव्हा दाब ११.८ वर स्थिरावला. रेझिस्टर पंधरा-वीस रुपयांना मिळतो, मात्र तो तापतो, म्हणून पंख्याच्या वाऱ्यात आणि तारांपासून लांब बांधावा. एसएमपीएसची पत्र्याची पेटी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. ज्यांना डाग देण्याची सवय नाही त्यांनी तयार संचच घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

नवा चार्जर आल्यावर पुन्हा तेच मोजमाप केले. पडद्यावरचा आणि मीटरचा आकडा यांत ०.०१ पेक्षा जास्त अंतर पडले नाही. मग सेटिंग केली. बॅटरीचा प्रकार लिपो. एलआयएचव्ही नावाच्या बॅटऱ्या ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात आणि साध्या लिपोवर तो प्रकार चुकून निवडला तर अनर्थ होतो, म्हणून हा रकाना दोनदा वाचावा. पद्धत बॅलन्स, सेल तीन, प्रवाह २.२ अँपिअर. याशिवाय दोन मर्यादा घालून ठेवल्या: २५०० एमएएचपेक्षा जास्त गेले किंवा दोन तास उलटले की चार्जर आपोआप थांबेल. एसएमपीएसवर फाजील ताण येऊ नये म्हणून येणारा दाब ११ व्होल्टच्या खाली गेला की थांबण्याचीही सोय त्यात आहे, तीही चालू केली. आधी चार्जर चालू करायचा, मग बॅटरीचा मोठा कनेक्टर, मग बॅलन्स लीड. काढताना उलट क्रम.

पहिली बॅटरी लावली तेव्हा प्रवाह बराच वेळ २.२ वर ठाम राहिला, दाब १२.६ च्या जवळ पोहोचल्यावर तो हळूहळू उतरत गेला आणि ०.२ च्या आसपास आल्यावर चार्जर थांबला. सव्वा तासाच्या आत काम झाले. त्याच पडद्यावर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोधही दिसतो; तो जितका जास्त तितका सेल कमजोर. दोन बॅटऱ्यांत तो ९ ते ११ मिलिओहम होता. सगळ्यात जुन्या बॅटरीत मात्र एक सेल २६ दाखवत होता. ती बॅटरी लावली की विमान चढताना मलूल का होते, याचे कोडे उलगडले. चार्जरसाठी मोजलेल्या पैशांचा खरा मोबदला मला इथे मिळाला असे वाटते, कारण हवेत असताना एखादा सेल अचानक बसला तर विमानच जाते.

जागेचीही सोय करावी लागली. पलंग, सोफा, लाकडी टेबल, पडद्याखालचा कोपरा हे सगळे बाद. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर मातीची मोठी कुंडी ठेवली आहे; बॅटरी तीत, चार्जर बाहेर, आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली. साडेतीनशे रुपयांची आगरोधक पिशवीही आणली आहे, पण कुंडीवर माझा भरवसा अधिक. घरच्यांनाही वाळू कशी टाकायची ते दाखवून ठेवले. सांगलीचा मार्च-एप्रिल पाहता दुपारी चार्जिंग टाळतो. उडवून आणलेली बॅटरी हाताला गरम लागते, तिला थंड व्हायला वेळ देतो आणि मगच चार्जरला लावतो. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, आणि ती घंटागाडीतही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती बॅटऱ्यांचे संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेली पाहिजे. मध्ये लाईट गेली तर हा चार्जर परत आपोआप सुरू होत नाही, पहिल्या पानावर येऊन थांबतो. सुरुवातीला ते गैरसोयीचे वाटले, आता तेच योग्य वाटते.

साठवणीविषयी थोडे. लिपो पूर्ण भरून आठवडाभर ठेवली तर खराब होत जाते, पूर्ण रिकामी ठेवली तरीही, सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवायचे असतात. रविवारी बॅटऱ्या भरून रानात पोहोचावे आणि वळवाने गाठावे, असे एप्रिल-मे महिन्यांत हमखास होते. चार्जरच्या स्टोरेज मोडमध्ये भरलेली बॅटरी खाली आणता येते, पण ही शक्ती तो स्वतःच्या अंगात जिरवतो आणि त्याची मर्यादा फक्त ५ वॅट आहे; थ्री-एस २२०० मधून बारा वॅट-तास काढायचे तर एका बॅटरीला सव्वादोन-अडीच तास लागतात. जाहिरातीत हा आकडा सहसा शेवटी असतो आणि घेताना कोणी पाहत नाही. आम्ही मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा एक्सटी-६० ला जोडून घेतला आहे. सगळा खर्च साठ रुपये. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि अर्ध्या-पाऊण तासात काम संपवतो. दिव्याला थांबणे कळत नाही, म्हणून बॅलन्स पिनेला दीडशे रुपयांचा व्होल्टेज अलार्म ३.८० वर लावून समोर बसावे लागते.

जून ते सप्टेंबर आमचे रान चिखलात असते आणि उडवणे बंद. त्या काळात बॅटऱ्या ३.८५ वर आणून, पत्र्याच्या डब्यात एकमेकींना कनेक्टर टेकणार नाहीत अशा ठेवणार आहे आणि महिन्यातून एकदा अलार्म लावून सेल पाहणार आहे, एखादा ३.७० च्या खाली आला तर तेवढ्यापुरता स्टोरेज मोड. चार्जरची वॉरंटी एक वर्षाची आहे. बिलाची छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून बिल आणि चार्जरच्या पाठीवरचा क्रमांक यांचे छायाचित्र स्वतःलाच ईमेल करून ठेवले आहे.